मामांचं आडनाव

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाची वधू-वर सूची मी सहा वर्षं सांभाळली. केंद्र सरकारी कार्यालयातली नोकरी करून उरलेल्या वेळात, बिनपगारी. पण काम चोख असे. जन्मवेळ लिहिलेली नसेल तर मी बायोडाटा परत पाठवायचे. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, नोकरी, घरचा पत्ता, फोन आणि शेवटी मामांचं आडनाव. घराणं तंजावरकडचं असो की पुण्याहून बदलीवर आलेलं, मामा कोण हे कळल्याशिवाय आपल्याकडे बोलणी पुढे सरकत नाहीत. आधी हे सगळं फायलीत असायचं. घरी इंटरनेट आलं, तसे त्रेचाळीस जणांचे बायोडाटे माझ्या मेलपेटीत जाऊन बसले.

साडी नेसून स्टुडिओत काढलेले ते फोटो जड असत. पेटी भरत आल्याची सूचना मला अधूनमधून येतच होती. त्यामुळे एका शनिवारी मेल आला की पेटी भरली आहे, दोन दिवसांत खात्री न केल्यास खातं बंद होऊन सगळी पत्रं पुसली जातील, तेव्हा मला संशय आला नाही. घाई मात्र झाली, कारण पुढच्याच महिन्यात मेळावा होता. मेलमधल्या निळ्या ओळीवर क्लिक केलं. ओळखीचं पान उघडलं. नाव, पासवर्ड, जन्मतारीख भरली. वरच्या पट्टीतला पत्ता वाचला नाही. टी. नगरात साडी घेताना मी दुकानाची पाटी नीट वाचते, कारण शेजारी त्याच नावाचं दुसरं दुकान असतं. इथे ते सुचलं नाही.

सोमवारी सकाळी पासवर्ड चालेना. ऑफिसातल्या संगणक विभागाच्या माणसाला विचारलं.

"मॅडम, तुम्ही पासवर्ड स्वतःच्या हाताने देऊन आलात," तो हसत म्हणाला. "पेटीत काय होतं? पाककृती?"

काय होतं ते मी सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"फोनवर बँक काय विचारते, माहीत आहे ना? जन्मतारीख, पत्ता, आणि आईचं लग्नाआधीचं आडनाव."

म्हणजे मामांचं आडनाव. सहा वर्षं घरोघरी आग्रह करून मी ते मिळवलं होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं. फोन नंबर जुन्या वहीत होते, नशीब. चार घरांना सांगून झालं. पाचवा फोन पश्चिम मांबलममधल्या एका तंजावरी घरी लावला. मुलगी ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. आईने उचलला.

"अक्का, बँकेतून सकाळीच फोन आला होता की," ती म्हणाली. "मुलीने पत्ता बदलला, नवं कार्ड तिकडे पाठवतो, बरोबर ना, असं पुसत होते."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बरोबर म्हटलं. कारखान्याजवळ खोली घ्यायची म्हणत होती ना ती. मला न सांगता घेतली, असं वाटलं. घरी आली की चांगली बोलणार होते तिला."

मी रिक्षा करून तिच्याकडे गेले. तिथून आम्ही दोघी बँकेच्या शाखेत. काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खातेदाराला आणा म्हणाल्या.

"मी तिची आई आहे हो!" आई म्हणाली. "माझं माहेरचं आडनाव सांगू?"

"ते कोणीही सांगेल, अम्मा."

त्याच आडनावावर कोणीतरी सकाळी फोनवरून पत्ता बदलून घेतला होता. हे मी बोलून दाखवलं. बाई तरी हलल्या नाहीत. शाखेचा व्यवहार साडेतीनला बंद होणार होता. बारा वाजून गेले होते.

मुलीचा मोबाइल लागत नव्हता. कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. मी बँकेसमोरच्या बूथवरून कारखान्याच्या स्वागतकक्षाला फोन केला. शिफ्ट चालू असताना बोलावता येत नाही, असं उत्तर आलं. मी ठेवला, दोन मिनिटांनी पुन्हा लावला.

"मी तिची मावशी. तिच्या आईला दवाखान्यात नेलंय."

मुलगी धापा टाकत फोनवर आली. मी कोण, कशावरून मावशी, असा एक प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खोटं इतकं सोपं निघालं की मी मनातून हादरले.

"अम्माला काय झालं?"

"काही नाही, माझ्या शेजारी उभी आहे. आता रागवू नकोस, ऐक." मी सांगितलं. ती तमिळमध्ये जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. मग म्हणाली, "बूथचा नंबर सांगा आणि ठेवा. मी आधी बँकेला इथूनच फोन करते."

पाच मिनिटांनी बूथवर तिचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"आंटी, आईचं आडनाव चूक आहे म्हणतात. मी चूक सांगतेय म्हणतात. आज सकाळीच ते बदललंय. जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, तरी मी मी नाही म्हणतात."

"ओळखपत्र आहे जवळ?"

"पासपोर्टची प्रत आहे. आणि कारखान्याचं कार्ड."

"ये. मिळेल त्या वाहनाने ये."

पुढचे अडीच तास आम्ही दोघी बँकेच्या बाकावर बसून होतो. जिने सकाळी फोन केला ती बाई, किंवा तो माणूस, प्रत्यक्ष येणार नाही हे कळत होतं. तरी दारातून आत येणारा प्रत्येक चेहरा मी बघत होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी आली, कारखान्याच्या गणवेशातच. सही जुळली, फोटो जुळला. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. नाव तिचं, जन्मतारीख तिची, मोबाइल नंबर कुणाचा तरी, पत्ता कधी न पाहिलेल्या शहरातला. तिच्याच नावाखाली दुसरं कोणी राहायला आलं होतं. अधिकाऱ्यांनी दोन ठिकाणी फोन केले. कार्ड तयार होतं, संध्याकाळच्या कुरिअरने जाणार होतं. ते थांबवलं.

"आता नवं उत्तर द्या," ते म्हणाले. "आणि खरं देऊ नका. आडनावाच्या जागी काहीही लिहा, फक्त लक्षात ठेवा."

मुलीने कागदावर काहीतरी लिहून घडी करून दिलं.

"काय घातलंस ग?" आईने विचारलं.

"सांगायचं नसतं, अम्मा."

"माझ्या बापाचं नाव काढून टाकलंस, आणि मलाच सांगायचं नाही?"

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, माझं पान तुमच्या सूचीतून काढा."

"काढते," मी म्हटलं. मात्र त्याची एक प्रत कुठेतरी राहणारच होती, आणि ती मला काढता येणार नव्हती. पासवर्ड बदलतो. जन्मतारीख आणि आजोळ कसं बदलणार? तिला ते माझ्याआधीच कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी येऊन वही उघडली. अडतीस घरं उरली होती. प्रत्येकाला तेच सांगायचं: चूक माझी, उद्या सकाळी मुलीला किंवा मुलाला घेऊन बँकेत जा, फोनवर विसंबू नका. कोणी ओरडलं, कोणाला काही कळलंच नाही, दोघांनी मंडळाच्या अध्यक्षांकडे तक्रार करतो म्हटलं. करा म्हटलं.

बाविसाव्या फोनवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण आमच्या मुलीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "तुम्ही जेवायला होतात. तिचा कागद अजून तुमच्याकडे कशाला होता?"

काढायचा राहिला, एवढंच.

"तिचा सासरचा नंबर द्या," मी म्हटलं. "तिला मीच सांगते."

त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, आणि मी तो लिहून घेतला.