टाकाऊ कुठून आणायचं?

शाळेच्या फाटकावर नवा फलक लागला. त्यावर ‘शाश्वत विकास व करिअर सज्जता’ ही अक्षरं एवढी मोठी होती की शाळेचं नाव खालच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. फलक प्लास्टिकचा होता. तळोज्याच्या एका कारखान्याने आमच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी वर्षभराचा उपक्रम द्यायचं ठरवलं होतं. तळोज्याच्या कारखान्यांची हवा ज्यांच्या नाकात गेली आहे, त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. पण धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात.

आमची शाळा पनवेलच्या कडेला आहे, जिथे नवे टॉवर संपतात आणि डोंगराखालच्या वाड्या सुरू होतात. मी तिथे भूगोल शिकवते. निम्मी मुलं बांधकामावरच्या मजुरांची, निम्मी आदिवासी वाड्यांवरची. वाड्यांचं वेळापत्रक शिक्षण खात्याला जुमानत नाही. दिवाळी झाली की घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी भाषेत याला ‘गळती’ म्हणतात, जणू मुलं म्हणजे नळ.

त्या वर्षी दहावीतली एक मुलगी गळणार होती. याआधीही ती भट्टीवर जायची आणि परत आल्यावर राहिलेला अभ्यास भरून काढायची. दहावीत ते जमणार नव्हतं. परीक्षा मार्चमध्ये आणि तेव्हा भट्ट्या ऐन भरात. त्यामुळे एवढ्या मोठ्या उपक्रमात तिच्या कामाची गोष्ट एकच होती. खारघरच्या एका संस्थेत सौर पॅनेल बसवण्याचं शिक्षण मिळणार होतं आणि निवड झालेल्या मुलींना दिवाळीपासूनच तिथल्या वसतिगृहात जागा. तिथून शाळेत यायचं, दहावी द्यायची, मग तिथेच शिकायचं. वसतिगृहात खाट मिळाली तर दहावी, नाहीतर भट्टी.

दर शनिवारी एक प्रशिक्षक यायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त भर ऑक्टोबरात टाय घालायचा. हात कसा मिळवावा, खुर्चीत कसं बसावं, आरशासमोर ‘मी जिंकणारच’ असं कसं म्हणावं, हे ते मुलांना शिकवत. एकदा त्यांनी मुलाखतीचा सराव घेतला.

“पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस?” त्यांनी या मुलीला विचारलं.

“ते मुकादम ठरवतो, सर.”

“मुकादम कोण?”

“भट्टीवर नेतो तो. यंदा कुठं नेल ते अजून नाय बोलला.”

प्रशिक्षकांनी कागदावर ‘ध्येय अस्पष्ट’ असं लिहिलं. मला वाटतं, त्या दिवशी वर्गात तेवढं स्पष्ट उत्तर दुसरं कुणी दिलं नाही. तिच्या शेजारच्या मुलाने सीईओ होणार म्हणून सांगितलं. सीईओ काय करतो असं विचारल्यावर तो म्हणाला, “सही.” त्याला शाबासकी मिळाली.

उपक्रमातला उरलेला तास माझ्याकडे होता. मी आरसा वापरला नाही. कुठल्याही कामाला ‘हो’ म्हणण्याआधी काय विचारायचं, एवढंच मी शिकवलं. पगार कुठल्या तारखेला होतो, सुट्टी कधी, उशीर झाला तर घरी सोडतं कोण, आणि संडास कसा आहे.

मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. “बाई, साहेबाला संडास विचारायचा?”

“तोच आधी विचारायचा. बाकीचं साहेब आपणहून सांगतो, खरं-खोटं मिसळून. संडासाबद्दल कुणी तयारी करून आलेलं नसतं.”

मग प्रदर्शन ठरलं. विषय अर्थातच ‘टाकाऊपासून टिकाऊ’. कारखान्यातले एक मोठे अधिकारी येणार होते, खारघरच्या संस्थेतून एक बाई येणार होत्या आणि मुलाखतीही त्याच दिवशी दुपारी व्हायच्या होत्या. प्रशिक्षकांनी रिकाम्या बाटल्यांची पवनचक्की करायचं काढलं आणि प्रत्येकाला घरून पिशवीभर बाटल्या आणायला सांगितल्या. पुढच्या शनिवारी मुलं हात हलवत आली.

“बाटल्या कुठायत?”

“हायेत सर, पण मोकळ्या नायत,” ती मुलगी म्हणाली. “एकीत तेल हाय, एकीत मध हाय. एक कापून आयेनं डाळ काढायला केली.”

“अगं, पण ते वेस्ट आहे ना?”

“नाय सर. ते आयेचं हाय.”

दुसऱ्या एकीची आई बाटली द्यायला तयार होती, पण परत कधी मिळेल ते विचारून यायला तिने सांगितलं होतं. मजुरांच्या मुलांनीही मान हलवली. त्यांच्याकडे रिकामी झालेली बाटली भंगारवाल्याच्या आधी शेजारीण नेते. शाश्वत विकासाचा धडा घ्यायला आलेल्या वर्गात टाकाऊ असं काही सापडेना, आणि प्रमुख पाहुण्यांची तारीख तर नक्की झालेली.

आमचे हेडसर अडचणीत डगमगणारे नव्हेत. त्यांनी नाक्यावरच्या दुकानातून पाण्याच्या नव्याकोऱ्या बाटल्यांचे खोके मागवले. मुलांनी झाकणं फोडून पाणी झाडांना घातलं. आमच्या शाळेची जास्वंद त्या दुपारी सीलबंद पाणी प्यायली. बाटल्या निळ्या रंगवून पवनचक्की उभी राहिली, आणि ‘नदीकाठी वेचलेल्या कचऱ्यातून’ अशी पाटी तिच्या पायाशी लागली. ती पाटी काढा, असं मी हेडसरांना म्हटलं. ते म्हणाले, “बाई, एवढं बारीक कोण वाचतंय?”

प्रदर्शनाच्या दिवशी दीप उजळला, शाल झाली, श्रीफळ झालं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रोप झालं. पाहुण्यांनी पृथ्वीविषयी काळजी व्यक्त केली. मग सगळे पवनचक्कीपाशी आले. माहिती सांगायला ती मुलगी उभी होती. प्रशिक्षकांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

“वा!” पाहुणे म्हणाले. “एवढ्या बाटल्या कुठून गोळा केल्यात?”

तिने आधी प्रशिक्षकांकडे पाहिलं. दुपारी मुलाखतीला तेही बसणार होते, हे तिला ठाऊक होतं. मग तिने हेडसरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच सुचवलं नाही.

“दुकानातनं,” ती म्हणाली. “वाडीवर टाकाऊ गावला नाय. मग हेडसरांनी नव्या आनल्या. आमी पानी झाडांना ओतलं आनि टाकाऊ केल्या.”

हेडसर छताचा पंखा निरखू लागले. पाहुणे म्हणाले, “छान, छान, असंच काम करत राहा,” आणि पुढच्या टेबलाकडे वळले. प्रमुख पाहुण्यांना उत्तरं ऐकण्याची सवय नसते, हा त्या दिवशी आमच्यावर झालेला उपकार. पण प्रशिक्षकांनी ऐकलं होतं, त्यांचा चेहराच सांगत होता. संस्थेच्या बाईंनीही ऐकलं होतं. त्या चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात कामाचे बूट. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. खोकला आला असेल तर तो फार वेळ टिकला.

दुपारी प्रयोगशाळेत हेडसर, प्रशिक्षक आणि संस्थेच्या बाईंसमोर मुलाखती झाल्या. मुलांना आत आणणं माझ्याकडे होतं, म्हणून मी दारातच उभी होते. तिची पाळी आली तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, “मघाशी तू जे बोललीस, त्याला संघभावना म्हणत नाहीत.”

दिवाळी तोंडावर होती आणि दुसरी मुलाखत तिला कुणी देणार नव्हतं.

संस्थेच्या बाईंनी विचारलं, “छपरावर चढायला भीती वाटते?”

“चढायला नाय. पत्रा तापला की पाय भाजतात.”

“बूट देतो आम्ही. तुला काही विचारायचंय?”

या प्रश्नाला ‘संधी दिल्याबद्दल आभारी आहे’ असं उत्तर द्यायचं, हे प्रशिक्षकांनी घोटून घेतलं होतं. ती म्हणाली, “तुमच्या हॉस्टेलात संडासाला आतनं कडी हाय का?”

हेडसरांचा चहा बशीत सांडला. संस्थेच्या बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या.

“दोनांना आहे. तिसऱ्याची मोडलीय. सध्या दोरी बांधतो.”

“स्क्रू असले तर मी बसवीन.”

“आहेत,” बाई म्हणाल्या, आणि प्रशिक्षकांकडे न बघताच तिच्या नावापुढे खूण केली.

पण तिला पाठवायचं की नाही, हे ठरवणारी तिची आई प्रदर्शनाच्या खोलीत उभी होती. ती मुलाखतीसाठी आलीच नव्हती, पोरीला घरी न्यायला आली होती. पवनचक्कीभोवती फिरून ती एकेक बाटली चाचपत होती. आम्ही तिघी तिच्यापाशी गेलो आणि पोरीला वसतिगृहात जागा मिळाल्याचं सांगितलं; मागोमाग हेडसरही आले.

“रातची कोन असतं तिथं?” तिने संस्थेच्या बाईंना विचारलं.

“मीच. जिन्याखालच्या खोलीत.”

“आनि संडास?”

“इचारला मी, आये,” मुलगी म्हणाली. “एकाची कडी मोडलीय. या बायच बोलल्या.”

आईने बाईंकडे नीट पाहिलं, अगदी बुटांपासून. मुकादमापासून पुढाऱ्यापर्यंत जो जो वाडीवर आला, त्याने सगळं झकास असल्याचंच तिला सांगितलं होतं. कडी मोडलीय म्हणणारं माणूस बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

“मंग ऱ्हाऊ दे पोर,” ती म्हणाली. “तिच्या बापाशी मी बोलते.” आणि लगेच हेडसरांकडे वळून, “सर, या बाटल्यांचं आता काय करनार?”

“आता... विल्हेवाट लावू.”

“कशाला ती? आमाला द्या की.”

संध्याकाळपर्यंत पवनचक्कीचा नुसता सांगाडा उरला. उपक्रमाच्या अहवालात मात्र तिचा फोटो पानभर आहे, पाटीसकट.

दिवाळीनंतर शाळा उघडली. वाड्यांवरच्या मुलांचे बाक नेहमीप्रमाणे निम्मे रिकामे होते. ती खारघरहून बसने आली, पहिल्या तासाला थोडा उशीरच झाला होता. दप्तराच्या बाजूच्या खिशात पाण्याची बाटली, तिच्या बुडाशी निळा रंग अजून चिकटलेला. बाकाकडे जाता जाता ती माझ्या टेबलापाशी थांबली.

“बसवली, बाई.”

“काय?”

“कडी.”

मी तिची हजेरी लावली आणि नकाशा उलगडला.