रेबेकाबाईंची गणेशपट्टी

कुकरची शिट्टी झाली आणि दारावर टकटक झाली. शेजारच्या रेबेकाबाई, निवृत्त शिक्षिका, चादरीत गुंडाळलेली नक्षीदार सागवानी पट्टी घेऊन उभ्या. त्यांच्या पनवेलच्या जुन्या घरात पणजोबांनी करून घेतलेल्या प्रार्थनेच्या कपाटावरची ती पट्टी. जुन्या वस्तूंचा दुकानदार मात्र म्हणाला, "खाली उंदीर आहे. ही हिंदू घराच्या दारावरची गणेशपट्टी." भाचा ओमेर ती इस्रायलला नेणार होता, आता म्हणतोय, आपली नसेल तर विकून टाक.

"आम्हा ज्यूंच्यात मूर्ती नसते, नीता. मग हा मेला कुठून आला?"

मी ओल्या फडक्याने काजळी पुसली. मधोमध एक डाळिंब होतं, ते बाकी नक्षीपेक्षा खोल कोरलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुपासारख्या कानांच्या कडा राहिल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, सुताराने सवयीने गणपती कोरायला घेतला असणार आणि घरच्यांनी अडवल्यावर त्याचंच डाळिंब केलं असणार. हिंदू घरात गणपती कोण तासून काढायला लावेल?

"म्हणजे आमचीच," रेबेकाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पणजोबा गणपतीवरून भांडले आणि उंदीर बघायचा विसरले."

मग पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "ओमेरला फोनवर हे तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, मावशीला विकवत नाही म्हणून गोष्ट रचली."