सारवलेल्या खळ्यावरचा बॉल

ओल्या सारवणावर बॉलचा ठसा उमटतो तो तळहाताएवढा, नीट गोल, आणि त्या गोलात बॉलच्या अंगावरच्या बारीक पुरळांची नक्षी असते — हे जगात किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण माझ्या बालपणाचं चित्र काढ असं कुणी सांगितलं तर मी तोच गोल काढीन. पाऊस सरून भातं पिवळी पडली की आई आणि काकी घरापुढचं खळं करायला घ्यायच्या. पावसात माजलेलं गवत उपटायचं, माती खणून भिजवायची, लाकडी चोपण्यानं ती चोपून चोपून दगडासारखी करायची, आणि मग शेणानं सारवायची... त्या ओल्या शेणाचा, कापल्या भाताचा आणि मांडवावर घातलेल्या हिरव्या झावळ्यांचा असा एक मिळून वास यायचा की शाळेतून येताना वळणावरच कळायचं, आज खळं झालं. सारवण वाळेपर्यंत त्यावर पाऊल टाकायचं नाही, असा आईचा दंडक होता. पावलं आम्ही आवरायचो हो, पण बॉल कुणाच्या बापाचं ऐकतो! ठसा दिसला की आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, “ह्यो बॉल मी एक दिस बावीत टाकतलंय.” बाव म्हणजे आमची विहीर, आणि तिनं तो कधीच टाकला नाही.

हे सगळं वर येतं ते माझ्या मुलामुळे. हल्ली तो सकाळी दात घासायच्या आधी मोबाइल उघडून परदेशातल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने बघत बसतो, आणि चहा पिता पिता मला निकाल ऐकवतो — उंची, वेग आणि उडी, बस्स, खेळ तेवढाच. मेहनत, सराव, पाया वगैरे शाळेच्या भिंतीवर लिहायला ठीक. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, त्या उडीच्या आधी बॉल कुणीतरी हातात आणून दिलेला असतो, हे तुला दिसत नाही? असं बोलायला मी तोंड उघडते, आणि नेमकी लहानपणी माझ्याबरोबर खेळलेली रोहिणी आठवते, आणि वाक्य अर्ध्यावरच राहतं.

माझे बाबा हायस्कूलात गणित शिकवायचे आणि कोल्हापूरला कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलेले होते. खेळलेले म्हणजे सरावाला. सामन्याच्या दिवशी त्यांना बाकावर बसवायचे, कारण बाबा बुटके. ते शल्य त्यांनी मनात असं जपून ठेवलं होतं, जसं दुसऱ्या कुणी सोनं ठेवावं. धामापूरच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत बास्केटबॉल हा शब्दसुद्धा कुणाला ठाऊक नव्हता, तिथे बाबांनी लोहाराकडून लोखंडी कडी वाकवून घेतली, फणसाच्या फळ्यांवर ठोकली आणि खळ्याच्या कडेच्या माडाला बांधली. जवळपास कुठेही सिमेंटचं मैदान नव्हतं, आणि बाबांना त्याची फिकीरही नव्हती. आमच्याकडे जो तो आपल्या खळ्याच्या कठीणपणाची फुशारकी मारतो, तशी बाबाही मारायचे. आईनं चोपलेलं खळं सिमेंटच्या तोंडात मारील, म्हणायचे, आणि आई लाजून आत जायची.

त्या खळ्यावर मी घडले. अनवाणी, गुडघे वाकवून, मान वर ठेवून बॉल आपटत खळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला, मग डाव्या हातानं, मग डोळ्यांवर आईचा रुमाल बांधून... सारवणावर बॉल आळशी असतो, अर्धी उसळी माती गिळून टाकते, म्हणून त्याला जोरानं खाली दाबावं लागतं, खांद्यापासून. ते दाबणं माझ्या हातात इतकं मुरलं की झोपेतही माझा हात चादरीवर आपटायचा, असं काकी सांगायची. मीही बुटकीच. बाबा म्हणायचे, उंचीचं आपण काही करू शकत नाही वंदू, हातांचं करू शकतो. आणि मी जिवाचं रान करायचे.

मग रोहिणी आली. ती देवबागची. घर खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूत, वडिलांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा; हायस्कूलसाठी म्हणून ती आमच्या शेजारी तिच्या मावशीकडे राहायला आली. सावळी, लांब पायांची, केसांना कायम खाऱ्या वाऱ्याचा चिवटपणा. पहिल्याच संध्याकाळी ती कुंपणापाशी उभी राहून आमचं बघत होती, आणि माझा फेकलेला बॉल कडीला लागून उडाला तसा तिनं आत येऊन उडी मारून तो हवेतच धरला. बाबा बघतच राहिले. मी पण. एवढ्या वरून बॉल काढणारं माणूस आमच्या खळ्यानं पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला ती तेव्हाच नकोशी झाली.

ती सरावाला मन लागलं तर यायची. बॉल आपटायचा तिला कंटाळा. दोनदा आपटला की कुठेतरी भलतीकडेच जायचा आणि ती हसत सुटायची. शनिवार आला की दप्तर मावशीकडे टाकून देवबागची गाडी पकडायची. बाबा चिडायचे, म्हणायचे, देवानं दिलंय ते ही पोरगी वाळूत घालवणार. पण तिला उंच पास द्यायला मात्र ते मला शिकवत राहिले... तिच्या उडीच्या अगदी टोकाला, जिथे ती क्षणभर टांगल्यासारखी थांबते तिथे बॉल पोचला पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. मला ते जमलं, का कोण जाणे, पटकन जमलं. रागानंही माणूस शिकतं.

आणि बातमी आली. पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी जिल्ह्यातून एक मुलगी घेणार होते. एकच. राहणं, शिक्षण, रोजचा सराव, पुढे राज्याचा संघ, जमलंच तर खेळावर नोकरी. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला निवड होती. त्या दिवसापासून आमच्या घरातलं वातावरण बदललं. बाबा जेवताना बोलेनासे झाले, आई देवापुढे वाती जास्त लावायला लागली, आणि मी आणि रोहिणी एकाच खळ्यावर खेळताना एकमेकींच्या डोळ्यांत बघणं टाळायला लागलो. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री उशाशी बॉल घेऊन झोपायचे.

निवडीच्या आदल्या रविवारी रोहिणी आली नाही. बाबांनी मला देवबागला पिटाळलं, तिला घेऊन ये म्हणाले. मी गेले तेव्हा रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात टाकलेल्या त्या मैलभर वाटणाऱ्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि दोराला माणसंच माणसं, बाप्ये, बायका, पोरं. आणि त्यांच्यात रोहिणी, कमरेची दोरी त्या दोराला अडकवलेली, अंग मागे झोकलेलं, टाचा वाळूत रुतवत उलट्या पावलांनी मागे मागे जाणारी. दोराच्या शेवटाला पोचली की दोरी सोडायची, पळत पाण्यापर्यंत जायचं, पुन्हा अडकवायची, पुन्हा मागे... तिनं मला हाक मारून आपल्या शेजारी लावलं. मी दोन पावलं गेले आणि वाळूत बसले. पोटऱ्या पेटल्या होत्या. एक म्हातारी हसून मला म्हणाली, “गो बाय, तुझा काम न्हय ता.” रोहिणी मात्र हसली नाही, ती ओढत राहिली, जाळं काठाला येईपर्यंत. परत येताना गाडीत तिच्या अंगाला मासळीचा वास येत होता, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. ही हे लहानपणापासून करते, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. बाबांना मी त्यातलं काही सांगितलं नाही.

ओरोसचं मैदान सिमेंटचं होतं, करडं, पांढऱ्या रेघा मारलेलं, उन्हानं तापलेलं. बाबा दोरीपलीकडे उभे. निवडीला आलेले सर टोपी घालून खुर्चीवर बसलेले. आम्हा सगळ्या मुलींचे दोन संघ केले आणि मी आणि रोहिणी एकाच संघात आलो. शिट्टी वाजली, बॉल माझ्या हातात आला, आणि मी तो आपटला — जसा रोज आपटायचे तसा, खांद्यापासून, जोर लावून.

बॉल माझ्या हनुवटीवर येऊन आदळला.

मला काही कळलंच नाही. पुन्हा आपटला, तो छातीच्या वर उसळला आणि समोरच्या मुलीनं अलगद उचलून नेला. पुन्हा तेच. मी जेवढी घाबरत होते तेवढा माझा हात आणखी जोरानं दाबत होता, कारण घाबरलेल्या हाताला जुनीच सवय आठवते. बाबा ओरडत होते, बॉल खाली ठेव, वंदू, खाली! आणि मग ते एकदम गप्प झाले. मी वळून पाहिलं तर ते दोरीखालून वाकून उकिडवे बसले होते आणि त्यांनी तळहातानं सिमेंटवर थाप मारून पाहिली. हळूच. मग पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. एवढी वर्षं, एवढा घाम, आणि आम्ही पाया घातला होता तो भलत्याच जमिनीवर.

रोहिणी पळत माझ्याजवळ आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “आपटू नको. माका दी.”

तिला द्यायचा म्हणजे काय, हे मला त्या क्षणी लख्ख समजलं होतं. सरांची नजर बॉलबरोबर कडीकडे जाणार. पास देणारीकडे कोण बघतं? मी दिलेला प्रत्येक बॉल माझी पुण्याची जागा तिच्या हातात ठेवणार होता. पण माझ्या हातांत आता तेवढंच उरलं होतं. पासाला जमीन लागत नाही, त्याला सारवण काय आणि सिमेंट काय. पहिला दिला तो आपटायची भीती बसली म्हणून. ती उडाली, टोकाला थांबली, आणि बॉल नेमका तिथे होता. दुसरा दिला, तिसरा दिला... आणि मग मला काय झालं सांगू, मजा यायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला मजा येत होती. तिच्याकडे न बघता मी बॉल हवेत सोडत होते आणि ती तिथे असायची. आमचा संघ जिंकला. सरांनी नाव घेतलं ते रोहिणीचं.

सर बाबांना म्हणाले, या मुलीची उडी म्हणजे दैवी देणगी आहे, बाकीचं आम्ही शिकवू. देणगी म्हणे! मला त्यांना हाताला धरून देवबागच्या वाळूत नेऊन, कमरेला दोरी बांधून उभं करावंसं वाटलं. रोहिणीनं खाली मान घातली. बाबा हो म्हणाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसून बराच वेळ समोरच्या सीटचा दांडा धरून राहिले. मग म्हणाले, “माझ्या लक्षात यायला हवं होतं गं.” घरी बाबांच्या पाठोपाठ मी आत येताच आईनं माझ्या हातातला बॉल घेतला, न्हाणीत नेऊन धुतला आणि ओटीवर वाळत ठेवला. त्या वर्षी खळ्यावरच्या ठशांबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही.

रोहिणी राज्याकडून खेळली, मग एका सरकारी खात्याच्या संघात नोकरीला लागली, कितीतरी वर्षं खेळली. वर्तमानपत्रात एकदा फोटो आला होता, हवेतला, पाय जमिनीवर नाहीत असा. बाबांनी तो शाळेत सगळ्यांना दाखवला, जाळीदार होईपर्यंत खिशात बाळगला. मी गणित शिकवते, बाबांसारखीच. बाबा आता नाहीत. खळंही नाही, भात करत नाही कुणी, भावानं तिथे सिमेंटचे ठोकळे बसवले, गाड्या लावायला बरे म्हणून. माड मात्र उभा आहे, आणि गंजलेली कडी.

या दिवाळीला मी माहेरी होते, तिथे रोहिणी आली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. नोकरी सोडून ती देवबागला परतली, आपल्या भावाच्या घरात पर्यटक उतरतात त्यांचं बघते. जिना चढायचा तर बाजूनं, एकेक पायरी. तिला माडापाशी, खळ्याच्या जागी, प्लास्टिकची खुर्ची दिली. माझ्या मुलानं आपली उडी दाखवली, आणि तिनं कौतुक केलं, आणि त्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग तो पाणी प्यायला आत गेला. आम्ही दोघी तेवढ्या उरलो, आणि तिनं विचारलं, “त्या दिसा तू माका बॉल कित्याक देत रवलंस गो?”

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तू मागितलास म्हणून. मग म्हटलं, मला पण जायचं होतं रोहिणी. “माका ठावक आसा,” ती म्हणाली.

मग मी मुलाचा पडलेला बॉल उचलला आणि त्या ठोकळ्यांवर आपटला. माझा हात अजून सारवणावरच आहे, काय करू... तो खांद्यापासून दाबला गेला, आणि बॉल थेट माझ्या हनुवटीपर्यंत उसळला. रोहिणी हसली. खुर्चीतून दोन्ही हात पुढे केले.

“आपटू नको,” ती म्हणाली. “माका दी.”

मी सवयीनं बॉल वर सोडणार होते, तिच्या उडीच्या टोकाला. मग हात खाली घेतला, आणि तिच्या मांडीच्या उंचीला, हळू, पास दिला.