गुरुवारचा 'स'

लाल पेनचं टोपण उघडलं की मला आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवतं. तेव्हा मी खराडीला नोकरी करायचे आणि नवऱ्याखेरीज कुणालाही न सांगता ब्लॉग लिहायचे. लिखाणात खंड पडू नये म्हणून प्रत्येक गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक 'स' काढून ठेवलेला. स म्हणजे सासरे. निवृत्त मराठी शिक्षक, बोलणं मोजकं आणि बोचरं. त्यांच्या खडूसपणावर माझे वाचक खूश असत. एका गुरुवारी ऑफिसच्या कामात लिहिणं राहून गेलं. शुक्रवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना सहज वर पाहिलं, तर कालच्या 'स'वर लाल फुली होती आणि खाली वळणदार अक्षरात 'गैरहजर'. मागून सासऱ्यांचा शांत आवाज आला, "मंडईतून येताना सायबर कॅफेत डोकावतो मी. काल उगाच खेप झाली." चहा उतू गेला तरी मी तशीच उभी. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाले, "आणि सूनबाई, खडूसमधला 'डू' दीर्घ असतो. आपण गेले चार आठवडे ऱ्हस्व लिहिताय." आता माझा तो शब्द चुकत नाही, ज्यांच्यासाठी वापरावा, ते मात्र राहिले नाहीत.