नोएलीनची मुकी काडतुसं

ब्लफ बंदरावर नोएलीन टिपेनेचा आवाज आधी पोचतो, आणि ती मागून येते. कालवांच्या कारखान्यात सगळी यंत्रं चालू असली तरी तिचं हसणं बाहेर धक्क्यावर ऐकू येतं. ती माझी चुलत बहीण. कालवं उघडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. सुरी फटीत, मनगटाला एक हिसका, की शिंपला उघडलाच. हातांइतकंच तोंडही चालू. बंदरावरची तरुण पोरं तिला ‘आंटी’ म्हणतात आणि तिच्या टेबलापाशी जरा जपूनच वागतात, कारण कोणाची फजिती कधी होईल याचा नेम नसतो.

त्या जुलैत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, मी बोट बांधली आणि तसाच ओल्या बुटांनी कारखान्यात धावत शिरलो.

“नोएलीन! ससा!”

“मग? लग्न करायचंय त्याच्याशी?” ती म्हणाली. सगळं टेबल हसलं.

“टोरेआवर.”

तिची सुरी थांबली. कामाच्या वेळी तिचा हात थांबलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

टोरेआ आमचं बेट. सामुद्रधुनीच्या पलीकडे, पणजोबांच्याही आधीपासून आमच्या घराण्याचं. दर शरदात, आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, आम्ही तिथे टिटी या समुद्रपक्ष्यांची पिल्लं धरायला जातो. बिळात हात घालायचा, पिल्लू ओढायचं, मीठ लावून बादल्या भरायच्या. कोण्या काळच्या सीलच्या शिकाऱ्यांनी तिथे ससे सोडले होते. त्यांनी बेट असं कुरतडलं, की जिथे पुनुईच्या झुडपांची रुंद पानं कमरेला लागायची तिथे नुसता चिखल राहिला आणि पक्ष्यांची बिळं खचायला लागली. दोन हिवाळे हेलिकॉप्टरनं विष टाकून शेवटी आम्ही बेट साफ केलं होतं. मोठी मेजवानीही झाली होती. आणि आता तपासणीला गेलेल्या ब्रायोनीनं रेडिओवर कळवलं होतं, की तिचा कुत्रा स्प्रॅट एका दगडाखाली नाक घालून हटायलाच तयार नाही. आत ताज्या लेंड्या.

“एकच असावा,” ब्रायोनी म्हणाली होती. “पण मादी असली तर? आणि गाभण असली तर?”

ते ऐकताच मी बोट ब्लफकडे वळवली होती.

विषाला न भुललेला ससा म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला. सापळ्यांना तो वळसा घालून जायचा. मुख्य भूमीवरचा एक चांगला शिकारी आमच्याआधी तिथे जाऊन आला. त्यानं साठ मीटरवरून बार टाकला, ऐन वेळी वारा आडवा आला, आणि ससा जो जमिनीत गेला तो कित्येक दिवस दिसलाच नाही. त्या भल्या माणसानं आपणहून नोएलीनला फोन करून सगळं सांगितलं.

“त्याच्या नेमात काही खोट नव्हती रे,” नोएलीन मला म्हणाली. “वाऱ्याला कोण काय करणार? पण पहिली गोळी हुकली तर दुसरी झाडता आली पाहिजे. आणि त्याच्या गोळीनं सगळ्या बेटाला हाक मारली.”

आता आमच्यातली नेमबाज नोएलीनच जाणार होती. तिची रायफल वडिलांची, पॉइंट टू-टूची, बोल्ट ओढून चालणारी. तिची काडतुसं करंगळीच्या पेराएवढी. बुडाच्या कडेतच ठिणगीची दारू असते, सुई त्या कडेवर आपटली की बार होतो. घरी भरता येत नाहीत. दुकानात मिळतील तीच घ्यायची, आणि आपल्या नळीला कुठली मानवतात ते झाडून बघायचं. एकीला जे रुचतं ते दुसरीला रुचत नाही, अगदी एकाच कारखान्यातल्या सख्ख्या बहिणी असल्या तरी.

आणि आवाज. गोळी आवाजाहून वेगानं धावली की हवेत चाबूक कडाडतो. तिच्या नळीला सायलेन्सर होता, त्यानं बार दबतो, पण तो चाबूक दबत नाही. तो गोळीबरोबर वाटभर पळत असतो. टोरेआ बशीसारखं खोलगट. तिथे चाबूक कडाडला की चारी कड्यांवरून परत येतो. म्हणून हवी होती आवाजाहून हळू धावणारी गोळी.

नोएलीननं रजा टाकली आणि मिळतील तेवढ्या प्रकारच्या हळू काडतुसांच्या डब्या आणल्या. तिच्या घरामागच्या कुरणात, मातीच्या बांधाला टेकवून, पन्नास मीटरवर कागद लावला. मला म्हणाली, “टिओने, तू ससा.”

“काय?”

“तिकडे बाजूला, ओंडक्यांच्या ढिगामागे बस. मी इथून झाडते, मला इथलंच ऐकू येतं. सशाला काय ऐकू येतं ते मला पाहिजे.”

“आणि मी मेलो तर?”

“तर टिटीच्या वेळेला बादल्या उचलायला दुसरा गाढव शोधीन. बस!”

ढीग भक्कम होता आणि कागदापासून चांगला लांब होता, म्हणून बसलो. ती वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून आडवी झाली, आणि काय सांगू, बाई बदललीच! तोंड बंद. श्वास घेतेय की सोडतेय तेही कळेना. ही तीच नोएलीन का, असं वाटावं.

हिरव्या डबीतली काडतुसं स्पर्धेतली, महागाची. पाच गोळ्या आणि कागदाला जवळजवळ एकच भोक. मी ढिगामागून नाचतच बाहेर आलो. “झालं! हीच!”

“सशा, जागेवर बस,” ती म्हणाली. “टोक बघ हिचं. भरीव, गोल. सशातून आरपार जाईल आणि तो बिळात जाऊन तासन् तास तडफडेल. तसं नको मला. पोकळ टोकाची पाहिजे. आत गेली की फुलते आणि तिथल्या तिथे संपवते.”

लाल डबीची गोळी पोकळ टोकाची होती आणि आवाजही मऊ. चार गोळ्या गुण्यागोविंदानं एकत्र बसल्या, पाचवी दोन बोटं खाली. पुन्हा पाच झाडल्या, पुन्हा एक खाली. “एखाद्यात दारू कमी पडते वाटतं,” नोएलीन पुटपुटली. “आणि नेमकी तीच माझ्या नशिबी यायची.” लाल डबी बाजूला.

दर वेळी डबी बदलली की ती आधी काही गोळ्या नुसत्याच बांधात झाडायची. प्रत्येकीचं मेण वेगळं, ते नळीत बसल्याशिवाय नवी गोळी खरं बोलत नाही म्हणायची.

मग आली निळी. पोकळ टोक, पाचच्या पाच बाटलीच्या झाकणाखाली झाकतील अशा. पुन्हा तशाच. पुन्हा तशाच! आवाज म्हणाल तर कोणी पुस्तक मिटल्यासारखा. मी ढिगामागे दोन्ही हात कानांसारखे डोक्यावर धरून हलवले. नोएलीन एवढ्या मोठ्यानं हसली की कुरणातल्या मेंढ्या पळाल्या.

आम्ही सामान बांधायला घेतलं. रात्री दहिवर गोठलं आणि सकाळी गवत काचेसारखं करकरायला लागलं. नोएलीन म्हणाली, “एकदा या थंडीत बघू.” मी कुरकुरत ओंडक्यांमागे गेलो. पहिली गोळी सुटली आणि माझ्या कानाशी कड्डाड!

“नोएलीन! काल मुकी होती ही! आज बोलते!”

ती उठून बसली. डबी उलटसुलट केली. मग एकदम मांडीवर थाप मारली. “अरे मेल्या, थंडीत आवाजच हळू चालतो ना! गोळी काल आवाजाच्या जरा मागे होती. आज आवाज मागे पडला आणि ही पुढे गेली!”

माझ्या अंगावर काटा आला. टोरेआवर पहाटे असंच गार असतं. ती डबी घेऊन गेलो असतो तर?

उरली करडी. सगळ्यांत संथ गोळी. दुकानदारानंच सांगितलं होतं की आपोआप भरणाऱ्या बंदुकांत ती अडकते, म्हणून फारसं कोणी घेत नाही. पण आमच्या रायफलीचा बोल्ट हातानं ओढायचा, तिला काय फरक? त्या गोठलेल्या सकाळी नोएलीननं करडी झाडली. टप्. बस्, एवढंच. पिकलेलं फळ गवतात पडावं तसं. आणि कागदावर पाचही गोळ्या झाकणाखाली. पुन्हा झाडल्या, पुन्हा झाकणाखाली. मी ढिगामागून पळत आलो आणि आम्ही दोघं, साठीला आलेली माणसं, त्या हिमात एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो.

“पण हिला एक खोड आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “पन्नासच्या पुढे गेली की दगडासारखी खाली येते. मला जवळ जावं लागेल.”

दुकानात जाऊन तिनं त्याच घाण्यातल्या, एकाच वेळी भरलेल्या डब्या शोधून शोधून घेतल्या. दुसऱ्या घाण्याची तिला खात्री वाटत नव्हती.

सामुद्रधुनीनं आम्हाला नेहमीप्रमाणे घुसळून काढलं. बेटाच्या किनाऱ्यावर ब्रायोनी उभी होती, स्प्रॅट तिच्या पायांत. ती आतल्या भागातली, डोंगराकडची पोर. बोलायला मोजकी, पण कुत्र्याच्या शेपटीवरून ससा किती वेळापूर्वी गेला ते सांगायची. तिनं पश्चिमेच्या उताराची वाट दाखवली. “आंटी, तो इथूनच वर येतो. उजाडता उजाडता. पण पाऊल वाजलं की गेला.”

पहिल्या सकाळी ससा दिसला. मी दुर्बिणीतून बघत होतो. कान, पाठ, गवत चघळणारं तोंड. ऐंशी मीटर तरी असेल. नोएलीननं रायफल रोखली, बराच वेळ रोखून ठेवली, आणि खाली घेतली.

“मार ना!” मी ओठांनीच म्हणालो.

तिनं मान हलवली. ससा आरामात चरला आणि निघून गेला. माझी नुसती आग आग झाली. झोपडीत परतल्यावर मी म्हणालो, “एवढ्या सामुद्रधुनीतून उलट्या करत आलो ते काय त्याचा फोटो काढायला?”

“आज नाही मारला म्हणून तो उद्या येईल,” ती म्हणाली. “चहा टाक.”

दुसऱ्या दिवशी वादळ. झोपडीचं छप्पर उडतंय की काय असं झालं. तिसऱ्या दिवशी वारा पडला. नोएलीन अंधारातच निघाली आणि उजाडेपर्यंत पोटावर सरकत सरकत एका खचलेल्या कड्यापाशी पोचली. मी आणि ब्रायोनी मागे. ब्रायोनीचा हात स्प्रॅटच्या तोंडावर.

आला! त्याच वाटेनं, दोन उड्या, मग थांबून कान ताठ. नोएलीनपासून पंचेचाळीस मीटर, फार तर. मला माझ्याच हृदयाचे ठोके ऐकू येत होते. वाटलं, हेही त्याला ऐकू जातील.

टप्.

ससा जागेवर आडवा झाला. पाय एकदाच ताणले गेले. मी ओरडणार, तेवढ्यात ब्रायोनीनं माझं कोपर एवढं दाबलं की नखं रुतली. तिची नजर सशाच्या पलीकडे होती.

गवतातून आणखी दोन कान वर आले.

दोन होते! देवा, दोन होते! दुसरा उठून बसला. पडलेल्या जोडीदाराकडे बघितलं, नाक हलवलं. त्याला कळलंच नव्हतं. चाबूक कडाडला असता तर तो केव्हाच जमिनीत गेला असता आणि आम्ही ‘शेवटचा ससा मारला’ म्हणून गाणी म्हणत घरी परतलो असतो. नोएलीनचा हात बोल्टवर गेला. कालवाच्या फटीत सुरी सरकावी तितक्या हलक्या हातानं तिनं तो मागे घेतला, पुढे लोटला. कुठे खट् नाही, काही नाही. ससा आमच्याच दिशेला वळून बघत होता.

टप्.

मग मात्र मी जे ओरडलो ते बहुतेक ब्लफला ऐकू गेलं असेल. स्प्रॅट सुटला, गोल गोल धावायला लागला. ब्रायोनी, ती अबोल पोर, दोन्ही मुठी आभाळाकडे करून किंचाळत होती. आणि नोएलीन? ती आडवी पडूनच होती. जवळ गेलो तर बोल्ट उघडून नळी रिकामी आहे का ते बघत होती.

“दोन,” ती म्हणाली. “टिओने, दोन होते रे.”

ब्रायोनीनं दोघांना तपासलं. पहिला नर. दुसरी मादी, पोटात पिल्लं. आचळांत दूध नव्हतं, म्हणजे जमिनीखाली कुठे पिल्लं वाट बघत नव्हती. “थोडेच दिवस उरले होते,” ती म्हणाली. नोएलीननं त्या मादीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. “तुझा दोष नव्हता ग बाई,” म्हणाली, आणि उठली.

त्यानंतर ब्रायोनी आणि स्प्रॅटनं बेटाचा कोपरा न् कोपरा हुंगून काढला, तो अख्खा हिवाळा आणि पुढचाही. नवी लेंडी नाही, नवा दातांचा ठसा नाही. बेट साफ झाल्याचं जाहीर झालं त्या दिवशी मी कारखान्यात जाऊन सांगितलं, तेव्हा नोएलीननं टेबलावर चढून घोषणा केली आणि मुकादमाला मिठी मारून त्याच्या पांढऱ्या कोटावर कालवांचं पाणी सांडलं. तो चिडलाही नाही.

यंदा शरदात आम्ही टोरेआवर होतो. पश्चिमेच्या उतारावर पुनुईची कोवळी पानं हाताएवढी झाली आहेत, मधून चालताना नोएलीन पावलं जपून टाकत होती आणि मागून येणाऱ्या सगळ्यांवर खेकसत होती, “बघून चाला रे, पाय आहेत का नांगर!” संध्याकाळी टिटी समुद्रावरून परतायला लागले. ते उतरत नाहीत, आपटतात. धप्, धप्, चारी बाजूंना. पूर्वी ज्या उतारावर चिखलाशिवाय काही नव्हतं, तिथेही एक आपटला, अंग झाडलं, आणि जमीन उकरायला लागला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. नोएलीननं माझा दंड धरला आणि आनंदानं एवढ्या जोरात शीळ घातली, की तो बिचारा दचकून पुन्हा उडाला.

“आता काय करायचं तुझं!” मी म्हणालो.

“येईल परत,” ती हसत म्हणाली, आणि खरंच, थोड्या वेळानं तो परत आला आणि उकरायला लागला.