मशीनला जिना

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त एक अट आहे. हसायचं तर माझ्या तोंडावर हसा, नंतर माझ्या बायकोला जाऊन विचारू नका. ती हाच किस्सा माझ्यापेक्षा रंगवून सांगते आणि त्यात मी आणखीच बावळट दिसतो.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. मी तिशीच्या आत होतो, घाटकोपरला राहत होतो आणि स्वतःला कॉन्ट्रॅक्टर म्हणवून घेत होतो. म्हणजे खिशात टेप, कानावर पेन्सिल आणि पाठीशी गणूकाकांची टोळी. काका माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होते. गिरणी सुटली तशी त्यांनी गावाकडची दहा माणसं गोळा केली आणि खोदाईची कामं धरली. मी काम आणायचं, त्यांनी खणायचं, असं सहा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. टिकाव, फावडं, घमेलं, संपली आमची यंत्रसामग्री.

तर मुलुंडच्या एका सोसायटीत जमिनीखाली पाण्याची टाकी बांधायची होती. तेव्हा नळाचं पाणी वरच्या मजल्यांवर चढेनासं झालं होतं, त्यामुळे जिकडेतिकडे अशा टाक्या निघत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी केळकर, फोर्टातल्या हापिसात मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मजूर नकोत हो. दिवसभर आरडाओरडा, विड्या, जिन्यात बसून जेवणं. तुमच्याकडे मशीन आहे का?"

"आहे ना," मी म्हणालो.

आता मला सांगा, काय गरज होती? नव्हतं तर नव्हतं म्हणावं. पण समोरचा माणूस टाय लावून विचारतोय म्हटल्यावर माझी जीभच वळली तिकडे.

"झकास," केळकर म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी मी हापिसातून येईन तेव्हा खड्डा तयार हवा. शनिवारी गवंडी येतोय. नसेल जमत तर आत्ताच सांगा, दुसरा माणूस आहे माझ्याकडे."

झालं. मी मशीन शोधायला गोवंडीला गेलो. तिथे एका यार्डात बंद पडलेल्या प्रोजेक्टांवरची जुनी मशीनं विकायला असत. मी मोठ्या तयारीने गेलो होतो. सोसायटीच्या गेटची रुंदी, गल्लीचं वळण, वरून गेलेल्या वायरीची उंची, केळकरीणबाईंच्या तुळशीपासूनचं अंतर, सगळं डायरीत मापून लिहिलेलं. यार्डवाल्याने दोन मशीनं दाखवली. एक दांडगं, आणि एक बारकं, रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, पुढे खोदायचा हात. मी इंजिनाला कान लावला, तेलात बोट बुडवून वास घेतला. काय कळलं? काही नाही. टायर असता तर लाथ मारून बघितला असता, पट्ट्याला मारली आणि अंगठा सुजवून घेतला. बारकं मशीन गेटातून जाणार होतं, तेवढ्यावर मी ते घेऊन टाकलं. यार्डातच माल चढवायचा सिमेंटचा उंच ओटा होता. शुक्रवारी सकाळी ऑपरेटर सलीमने मशीन ओट्यावरून सरळ ट्रकवर चालवत नेलं. इतकं सहज की मला त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्याआधी मात्र मी एक काम केलं होतं, ते सांगताना अजून मान खाली जाते. गणूकाकांना टपरीवर नेलं, चहा पाजला आणि म्हणालो, "काका, आता आराम करा. मशीन घेतलंय."

काका बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "बरा झाला."

मग म्हणाले, "सुधीर, पोरांका काय सांगू?"

"सांगा, पुढचं पुढे बघू."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि उठून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला ट्रक मुलुंडला पोचला. केळकर नेमके हापिसाला निघाले होते. ट्रकवरचं मशीन पाहून त्यांनी माझी पाठ थोपटली. ट्रक गेटातून आत आला, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ठेवून. वायर चुकली, तुळस वाचली. मी डायरी मिटली. माझं माप एक इंचही चुकलं नव्हतं, आणि तिथे सलीमने ट्रकवरून खाली वाकून विचारलं, "सेठ, उतारना किधर है?"

"किधर म्हणजे? इधर."

"कैसे?"

मी ट्रककडे पाहिलं. ट्रकचा तळ माझ्या छातीला लागत होता. इथे ओटा नव्हता. ज्याने तुळशीचं अंतर मोजलं, त्याने ही उंची मोजली नव्हती.

मी म्हणालो, फळ्या लावू. शेजारच्या बांधकामावरून दोन फळ्या आणल्या. सलीमने एकीवर नुसता पाय दिला तर ती कुरकुरली. मी म्हणालो, "अरे, मोठी मशीनं आपल्याच हाताचा टेकू घेऊन उतरतात, मी पाहिलंय."

"वो बडा मशीन, सेठ. ये छोटा है. इसका हाथ छोटा है. पलटी मारेगा."

हे छोटं मशीन कोणी निवडलं होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. क्रेनसाठी केळकरांच्या घरून तीन ठिकाणी फोन केले. क्रेन सोमवारी मिळेल म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, शाम को मेरा दूसरा माल है, नहीं उतारा तो वापस ले जाएगा. बायका गॅलरीत जमल्या होत्या. एकीने विचारलंही, "भाऊ, हे वरूनच खणणार का?"

माझी वाट लागली होती. काम जाणार, नाव जाणार, मशीन ट्रकवरूनच परत जाणार. डोळ्यांसमोर एकच माणूस आला. रिक्षा पकडली आणि घाटकोपर गाठलं.

काका दारात बसून टिकावाला नवा दांडा बसवत होते.

"काका, चला."

"मशीन इला मां?"

"आलंय."

"मगे?"

"उतरत नाही."

काकांनी टिकाव बाजूला ठेवला. हसले नाहीत. हसायला हवे होते, मी त्याच तयारीने आलो होतो. आत वळून म्हणाले, "पोरांनू, उठा. सुधीरच्या मशीनाक जिनो बांदूचो आसा."

साडेबारापर्यंत टोळी मुलुंडात. काकांनी ट्रकला फेरी मारली आणि सांगितलं, मागून मातीचा लांब उतार करू, चोपून घट्ट करू, मशीन चालत खाली येईल. मग विचारलं, "माती खंयसून हाडू?"

मी घड्याळाकडे बघत होतो. म्हणालो, "कुठलीही घ्या हो. तिथे चुन्याने आखलंय ना, तिथली घ्या. नाहीतरी काढायचीच आहे."

हे वाक्य माझं. लक्षात ठेवा.

मग टिकाव पडायला लागले. घमेल्यांची रांग लागली. मी ट्रकपाशी उभा, पाठ खड्ड्याकडे, डोळे उतारावर. "इकडे टाका, इकडे दाबा, अजून पाहिजे." उतार कमी पडला की ओरडायचो, "माती आणा." माती येत होती. कुठून, किती, मला कशाला बघायला हवं होतं?

पाच वाजता उतार झाला. सलीमने मशीन सुरू केलं आणि ते डुलत डुलत खाली आलं. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. केळकरीणबाईंनी हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. ट्रक निघून गेला. मी छाती काढून म्हणालो, "सलीम, चल, खोदायला घे."

"किधर, सेठ?"

मी वळलो. चुन्याच्या रेघेवर रेघ धरून, बारा फूट लांब, आठ रुंद, पाच खोल, भिंती सुरीने कापाव्या तशा सरळ. खड्डा तयार होता.

काका काठावर बसून विडी पेटवत होते. म्हणाले, "ता काम झाला."

मी म्हणालो, बरं, मग निदान हा मातीचा उतार तरी मशीनने उचलू. सलीमने कपाळाला हात लावला. "उठाएगा तो मैं वापस चढेगा कैसे?"

म्हणजे बघा, खणायचं होतं ते खणून झालं होतं, आणि उचलायचं होतं ते उचलता येत नव्हतं. मशीन हार घालून नुसतं उभं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी हा फजितीचाच किस्सा झाला असता. पण त्याच वेळी केळकर गेटातून आत आले. त्यांनी खड्डा पाहिला, हारातलं मशीन पाहिलं आणि माझा हात हातात घेतला.

"वा. एका दिवसात. माणसांनी आठवडा लावला असता."

दहा माणसं मातीने माखून समोर उभी होती. काका नळावर पाय धूत होते. माझ्या तोंडून एकच शब्द निघायला हवा होता. निघाला तो असा, "हो ना."

काकांनी नळ बंद केला, टिकाव खांद्यावर घेतला आणि माणसांना घेऊन ते निघून गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "उद्या जाऊन पाया पड." मी दुसऱ्या दिवशी गेलोही, पण दाराशी भलतंच काहीतरी बोललो, मशीन चढवायला या म्हणालो. ते आले. मशीन त्यांच्या जिन्याने परत ट्रकवर चढलं आणि मग त्यांनी जिना मोडून माती भरून नेली. मशीन मुलुंडला येऊन उतरलं आणि चढलं, एवढंच काय ते त्याचं काम.

आठवड्याने केळकरांनी टाइप केलेलं पत्र पाठवलं. ते घेऊन मी काकांकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. "आपण अत्याधुनिक यंत्राच्या साहाय्याने, मजुरांचा गोंगाट न होता, एका दिवसात काम पूर्ण केलेत." पत्र खाली ठेवलं. म्हणालो, "काका, मी चुकलो."

ते म्हणाले, "यंत्राचा नाव नाय लिवल्यानी?"

"नाही."

"मगे तू लिव."

मी कानावरची पेन्सिल ठेवून पेन घेतलं आणि पत्राखाली लिहिलं, यंत्राचे नाव: गणपत राघो. तेव्हा कुठे काका हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर बारा वर्षं ते माझ्या प्रत्येक कामावर होते, आणि मशीन आधी कुठे उतरवायचं हे तेच ठरवायचे. आता काका नाहीत. त्या सोसायटीच्या जागी टॉवर उभा आहे, त्याचा पाया माझ्या पोराच्या मशीनांनी खणला.

पत्र मात्र ऑफिसात फ्रेम करून लावलंय. नवीन गिऱ्हाईक आलं की वाचतं आणि हमखास विचारतं, "साहेब, हे गणपत राघो मशीन कुठलं?"

मी सांगतो, "कणकवलीकडचं. आता मिळत नाही. तेव्हा माझ्या घराशेजारीच होतं, आणि मी मशीन शोधत गोवंडीला गेलो होतो."