दारापलीकडचा सॅक्सोफोन

चंद्रपूरच्या या इस्पितळात सकाळपासून पत्नीचं ऑपरेशन चालू आहे. स्पिरिटच्या वासानं लहानपणी पाहिलेलं गडचिरोलीच्या इस्पितळातलं ऑपरेशन थिएटरचं दार आठवलं. आत बाबांचं ऑपरेशन चालू होतं, बाहेर आई आणि मी. तिथले सर्जन टेपवर जॅझ लावूनच ऑपरेशन करायचे. मध्येच सॅक्सोफोन थांबला, तशी आई ताडकन उठली.

"बाजा काऊन बंद झाला, बाई?"

वॉर्डातली बाई म्हणाली, "रक्त जास्त आलं का डॉक्टरसाहेब बंद करते. पुन्हा लावला का समजा, निभावलं."

बऱ्याच वेळानं तो पुन्हा वाजला. आई मटकन खाली बसून रडली. मला ते संगीत तेव्हाही कळलं नव्हतं, अजूनही कळत नाही.

इथं पडद्यावर फक्त 'शस्त्रक्रिया सुरू' एवढंच दिसतं. पाय दुखतात, तरी मी दाराला कान लावून उभा आहे.